कानमिस्त्री आणि स्कॅनर

गाडी बिघडली की लोक मिस्त्रीकडे येतात आणि मिस्त्रीला अर्धंच सांगतात, असं कानमिस्त्रींचं ठाम मत होतं. गाडी दगडावर आपटलेली असते, पण म्हणतात, "आपोआप आवाज यायला लागला हो." ऑइलचं डांबर झालेलं असतं, पण म्हणतात, "परवाच तर बदललं." गिऱ्हाईक असं शपथेवर सांगायला लागलं की कानमिस्त्री त्याच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघत. खोटं बोलणारा माणूस उभ्या उभ्या पाय बदलतो, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. एखादा पाना घरी विसरला तरी त्यांचं अडायचं नाही, पण संशय मात्र ते रोज न चुकता बरोबर घेऊन यायचे.

प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तीन प्रश्न विचारत. कधीपासून होतंय? चालताना होतं की थांबल्यावर? आणि तिसरा, आधी का नाही आलात? पहिल्या दोन प्रश्नांना लोक काहीबाही उत्तर देत. तिसऱ्याला सगळे गप्प होत, नाहीतर घड्याळाकडे बघत. कानमिस्त्रींना त्या गप्प होण्यात फार मजा वाटे.

त्यांचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं आणि ते पाटीवरच राहिलं होतं. लोक त्यांना कानमिस्त्री म्हणत, कारण ते गाडी कानानं तपासत. त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांबीची एक सळई होती, तिला लाकडी मूठ. सळईचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्याआधी ते डावा हात वर करत. हात वर झाला की गॅरेजमधला रेडिओ बंद व्हायचा, शेजारचा वेल्डर कामातून थांबायचा आणि गिऱ्हाईक आलेला खोकला गिळायचं. मग मिस्त्री डोळे उघडून म्हणत, "तीन नंबरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तीन नंबरचाच व्हॉल्व्ह. दूरदूरचे लोक नुसते हे बघायला गाडी आणत. गाडीत काही नसलं तरी आणत.

आता गिऱ्हाइकं अर्धं सांगतात म्हणणारा हा माणूस स्वतः किती सांगत होता, तेही सांगितलं पाहिजे. गेली तीन वर्षं त्यांच्या डोक्यात एक आवाज होता. कुकरची शिट्टी होण्याआधी बारीक वाफ सुटते ना, तसा सीऽऽ असा. दिवसा कामात तो दबून जायचा. पण हात वर करून सगळं गॅरेज शांत केलं की तोच तेवढा उरायचा. इंजिनातली बारीक टिकटिक, वाफेची फुसफुस, पट्ट्याची चुरचुर, जे जे बारीक होतं ते ते त्या आवाजानं खाऊन टाकलं होतं. जाड आवाज अजून कळायचे. बारीक कळेनासे झाले, तेव्हा मिस्त्रींनी जाहीर केलं, "आजकालच्या गाड्या मुक्या झाल्यात." लोकांनी माना डोलावल्या. कानमिस्त्रीच म्हणतायत म्हटल्यावर कोण हरकत घेणार?

शिवाय त्यांच्या असं लक्षात आलं होतं, की जगात कुजबुज फार वाढली आहे. बायको आणि शेजारीण ओट्यापाशी कुजबुजतात. दुकानदार सुट्टे पैसे देताना काहीतरी पुटपुटतो. सगळ्यांचं आपल्यापासून काहीतरी लपवणं चाललंय, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. आणि कुणी बघत नसलं की ते सळईची मूठ कानाऐवजी दातात धरत. दातातून डोक्याच्या हाडात थोडाफार आवाज पोचायचा. पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कान गेलेला कानमिस्त्री म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना स्वतःलासुद्धा विचारायचा नव्हता.

अशात लेक आली. एकुलती एक. लहानपणी बोनेटखाली डोकं घालून वाढलेली, मग शिकून दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात लागलेली. येताना एक कपड्यांची बॅग आणि एक लॅपटॉपची बॅग घेऊन आली.

"नोकरी सोडलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही बाबा, सुट्टी काढलीय."

"किती दिवस?"

"बघू."

बघू! मिस्त्रींच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. 'बघू' हा शब्द त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडून हजारदा ऐकला होता, आणि त्याच्या पोटात नेहमी काहीतरी दडलेलं असे. ते डोळ्यांत तेल घालून लेकीवर नजर ठेवायला लागले. आठ दिवसांत बरंच काही जमा झालं. एक म्हणजे, ती बोलताना मुद्दाम समोर येऊन उभी राहायची, मागून कधी हाक मारायची नाही. गॅरेजमधला रेडिओ तिनं त्यांच्या टेबलापासून उचलून पार दाराशी नेला होता. घरात आई आणि लेक भांडी घासता घासता कुजबुजायच्या आणि हे आत गेले की गप्प व्हायच्या. आणि एका सकाळी सळईच्या मुठीला नवी कोरी काळी टेप गुंडाळलेली सापडली.

"ही कुणी लावली?"

"मी. घसरत होती ना हातातून," लेक म्हणाली.

चाळीस वर्षं जी मूठ कधी घसरली नाही, ती लेक आल्यावर घसरायला लागली! इथं नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी बायकोला धरलं.

"हिला तू बोलावलंस का?"

"मी कशाला बोलावू? तिचंच घर आहे," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी खाली बघितलं. बायकोनं पाय बदलला. झालं, त्यांना सगळा डाव उलगडला. पोरीला गॅरेज हवंय. काचा बसवणार, गार हवेचं यंत्र बसवणार, पांढऱ्या फरश्या घालणार आणि बापाला दाराशी खुर्चीत बसवून ठेवणार, येणाऱ्याला नमस्कार करायला. त्या रात्री ते जेवणावरून लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना इंजेक्शनं देणं, जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे त्यांचं काम. मिस्त्रींकडे त्यांची गाडी वीस वर्षं होती. म्हणजे गाड्या तीन झाल्या, मिस्त्री एकच. ही तिसरी, छोटी पांढरी. दोन महिन्यांत ती तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या वेळी मिस्त्रींनी प्लग बदलले. दुसऱ्या वेळी पेट्रोलची टाकी धुतली. त्या वेळी नर्सबाई म्हणाल्या होत्या, चढावर आतून किणकिण वाजतं. मिस्त्रींना किणकिण ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी ठणकावलं होतं, "तुमच्या बॅगेतल्या बाटल्या वाजत असतील."

आज नर्सबाईंनी बॅग मुद्दाम घरी ठेवली होती.

"मिस्त्री, बाटल्या नाहीत बरं का आज. तरी वाजलं. आणि काल चौकात थांबले तर बंदच पडली. मागून हॉर्न, पुढे पोलीस, आणि तिकडे एक आजोबा इंजेक्शनसाठी उपाशी बसलेले. धक्का मारायला चार माणसं लागली."

"कधीपासून होतंय?" मिस्त्रींनी सवयीनं विचारलं.

"तिसऱ्यांदा सांगतेय मी तुम्हाला!" नर्सबाईंचा आवाज चढला आणि मग खाली आला. "हे बघा, वीस वर्षांत मी दुसरीकडे गेले नाही. पण या वेळी बरी झाली नाही, तर मी ती कंपनीच्या त्या काचेच्या गॅरेजात टाकणार. तुमच्यावर राग नाही. पण मला वाटेत थांबून चालत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. बोनेट उघडलं, गाडी चालू केली, सळई घेतली आणि डावा हात वर केला. लेकीनं रेडिओ बंद केला. वेल्डर थांबला. नर्सबाईंनी श्वास धरला. मिस्त्रींनी मूठ कानाला लावून डोळे मिटले, आणि त्यांच्या डोक्यात तेवढा एकच आवाज होता, सीऽऽ. बाकी काही नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

"पेट्रोलचा पंप," ते म्हणाले.

बोलले आणि त्यांचं त्यांनाच कानशील गरम झाल्यासारखं वाटलं. हे ऐकलेलं नव्हतं. ही ठोकून दिलेली थाप होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सळई कानाला लावून नुसत्या अंदाजानं नाव घेतलं होतं, आणि तेही नर्सबाईंच्या गाडीचं.

"बाबा," लेक समोर येऊन म्हणाली, "पंप काढायचा म्हणजे मागची सीट काढा, टाकी उघडा. त्याआधी स्कॅनर लावून बघूया? पाच मिनिटांचं काम आहे."

मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिऱ्हाइकासमोर! अगदी वेळ साधून! पण नर्सबाई लगेच म्हणाल्या, "बघा की. माझं काय जातंय? मी दुपारी येते, तोवर घरून बॅग घेऊन पायी जाता येतील अशी दोन घरं उरकते." आणि गेल्यासुद्धा.

लेकीनं बॅगेतून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली. ती ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत बसली. डबीची वायर लॅपटॉपला. लॅपटॉप तिनं रिकाम्या ऑइलच्या पिंपावर ठेवला. पडद्यावर रेघा, आकडे, छोटे छोटे गोल काटे. मिस्त्री हाताची घडी घालून दोन पावलं लांब उभे राहिले, जसं कुणी अनोळखी कुत्र्यापासून राहतं.

"याला काय कळतं?" त्यांनी विचारलं.

"गाडीत ठिकठिकाणी सेन्सर असतात बाबा. ते गाडीच्याच छोट्या कॉम्प्युटरला सारखं सांगत असतात, किती गरम झालं, किती हवा आली, किती पेट्रोल गेलं. आपण फक्त तो काय म्हणतोय ते वाचायचं."

"म्हणजे चहाडखोर बसवलाय आत."

"तसं म्हणा."

चहाडखोरावर विश्वास कसा ठेवायचा? मिस्त्रींनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. लेकीला म्हणाले, "तू तिकडं तोंड करून उभी राहा." ती निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मिस्त्रींनी बोनेटखाली हात घातला आणि तापमानाच्या सेन्सरची पिन अलगद काढून ठेवली. मग अगदी साळसूदपणे मागे येऊन म्हणाले, "हं, वाच आता."

लेकीनं पडदा बघितला. "इंजिन उणे चाळीस अंशांवर आहे म्हणतोय."

"बघ!" मिस्त्रींनी टाळीच वाजवली. "म्हणजे इंजिन बर्फात पुरलंय! इथं घामानं शर्ट भिजलाय माझा, आणि हा म्हणतो बर्फ. खोटारडा आहे तुझा स्कॅनर."

"खाली अजून लिहिलंय बाबा. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटलीय किंवा कुणीतरी पिन काढलीय."

मिस्त्रींनी पिनेकडे बघितलं. मग म्हणाले, "तू बघत होतीस."

"भिंत बघत होते."

त्यांनी ती पिन बसवली आणि हवेच्या सेन्सरची काढली, या वेळी लेकीला बाहेर रस्त्यावर पाठवून. ती आत आली, पडदा बघितला आणि बरोबर त्याच पिनेचं नाव घेतलं. मिस्त्रींनी तीही बसवली. मग ते दोन पावलं पुढे सरकले. लेकीनं या दोन्ही कुरापतींच्या नोंदी बाजूला सारल्या आणि गाडीतली मूळ नोंद उघडली.

"एकच दोष आहे," ती म्हणाली. "इंजिनाला हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय."

"कधीपासून, ते सांगतो का हा?"

"सांगतो." तिनं बोट लावून दाखवलं. "पहिल्यांदा नोंद झाली त्या वेळचे किलोमीटर हे. साधारण अडीच महिने झाले असतील."

मिस्त्रींनी भुवई उचलली. "चालताना की थांबल्यावर?"

"तेही आहे. हे बघा, वेग शून्य. गाडी चालू, पण जागेवर उभी."

आता मात्र मिस्त्री चकित झाले. चाळीस वर्षं ज्या दोन प्रश्नांची धड उत्तरं एका गिऱ्हाइकानं दिली नव्हती, ती ही काडेपेटी न अडखळता देत होती. आणि पाय बदलायला तिला पायच नव्हते.

"आणि आधी का नाही आलात, ते?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

लेक पडद्याकडेच बघत म्हणाली, "ते मशीन सांगत नाही बाबा. ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं."

मिस्त्रींनी तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघितलं. हिच्या बोलण्याला काही तळ आहे की काय? पण ती पुढे बोलायलाही लागली होती. पडद्यावर एक आकडा होता, तेवीस. याचा अर्थ, ती म्हणाली, हवा जास्त झाल्यामुळे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा तेवीस टक्के पेट्रोल जादा ओततोय आणि तरी गाडी कशीबशी चालतेय. चढावर ओझं पडलं की तेही पुरत नाही, म्हणून किणकिण वाजतं. आणि जागेवर थांबली की दम सुटून बंद पडते.

"रेस देऊन बघू?" मिस्त्री म्हणाले. हे त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. लेकीनं आत बसून रेस दिली. इंजिन गरजलं आणि तेवीसचा आकडा घसरत सहावर आला. रेस सोडली, परत तेवीस.

मिस्त्री पिंपाशी येऊन वाकले. चष्मा नाकावर चढवला.

"परत दे."

परत सहा. सोडली, तेवीस.

"थांब थांब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "रेस दिल्यावर इंजिन मोकळेपणानं खूप हवा घेतं. त्या मोठ्या घोटात ही जास्तीची हवा कुठंच लागत नाही. पण रेस सोडली की घोट लहान, आणि तीच हवा जड जाते. म्हणजे पंप नाहीच! पंप असता तर रेस दिल्यावर जास्त बोंबलला असता. कुठूनतरी चोरून हवा ओढतेय ही. लहानशी चीर. हवेच्या गाळणीच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी."

लेक त्यांच्याकडे बघून हसली. "सर्व्हिस सेंटरात हे समजायला मला सहा महिने लागले होते."

मिस्त्रींना बरं वाटलं. इतकं बरं, की क्षणभर ते संशय घ्यायचंसुद्धा विसरले. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं उजवा हात ओला केला, बाह्या सारल्या आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं नजर पोचत नाही तिथं, हात घातला. ओल्या कातडीला हवेची ओढ लगेच कळते. ते एकेका नळीवरून बोटं फिरवत गेले, डोळे मिटून, जसे पूर्वी सळई लावल्यावर मिटत तसे. जाड नळी, कोरडी. वळणाची नळी, वरून ठीक. तिच्या पोटाखाली बोट गेलं आणि बोटाच्या पेराला गार लागलं. नख जाईल एवढी चीर. त्यांनी अंगठा त्यावर दाबून धरला.

थरथरणारं इंजिन त्यांच्या हाताखाली एकदम समंजस झालं. पडद्यावर तेवीसचे पंधरा झाले, पंधराचे आठ, आठाचे तीन.

"सापडलं!" मिस्त्री ओरडले.

"गेला आवाज," लेकही ओरडली.

"कुठला?"

"तो सीऽऽ करत होता ना बारीक. हवा ओढल्याचा. अंगठा ठेवल्याबरोबर बंद झाला बघा."

"तो?" मिस्त्री अंगठा तसाच दाबून, आनंदाच्या भरात बोलून गेले, "तो कुठं गेला? तो तर चालूच आहे."

लेक गाडीत वाकली आणि तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गॅरेजमध्ये चिडीचूप झालं. ती येऊन त्यांच्या समोर उभी राहिली.

"आता?" तिनं विचारलं.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हळूहळू हात बाहेर काढला आणि फडक्याला पुसला, एकेक बोट वेगळं वेगळं. बंद गाडीतून आवाज येतोय, असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं असतं तर त्यांनी त्याचे बूट बघितले असते. ते कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर जाऊन बसले.

"आहे," ते म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारच्या टायरवर बसली. मिस्त्रींच्या मनात एकेक पिन जागेवर बसत चालली होती.

"तुला हा नळीचा आवाज कधी ऐकू आला?"

"सकाळी. गाडी दारातून आत येतानाच."

"म्हणजे तुला स्कॅनर लागतच नव्हता."

"नव्हता."

"मग तेव्हाच सांगायचं की!"

"नर्सबाईंसमोर? तुम्ही सळई लावून उभे असताना?" लेक म्हणाली. "मला वाटलं, मशीन लावलं तर तुम्हाला तुमचंच सापडेल."

मिस्त्रींनी सळईकडे बघितलं. ती बोनेटला टेकवलेली होती, काळ्या टेपची मूठ वर करून.

"आणि ती टेप?"

"मुठीवर दातांच्या खुणा होत्या बाबा. चांगल्या खोल. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसल्या असत्या." ती थोडी थांबली. "मी आले त्याच दिवशी दिसल्या मला. आईनं फोन केला होता. म्हणाली, हल्ली मी हाक मारली की वळून बघत नाहीत. तिला वाटत होतं, तुम्ही तिच्यावर कसला तरी राग धरलाय. दोन वर्षं ती आठवत बसली होती, आपलं काय चुकलं म्हणून."

हे ऐकून मात्र मिस्त्रींना बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगभरच्या कुजबुजीचा त्यांनी संशय घेतला होता. ओट्यापाशी उभी असलेली बाई हळू बोलत नव्हतीच. ती रोजच्यासारखंच बोलत होती आणि उत्तराची वाट बघत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. फडकं ऑइलचं होतं, त्यामुळे चष्माही गेला.

दुपारी नर्सबाई परत आल्या, तेव्हा नवी नळी बसली होती. त्यांनी गाडी चालू केली, थांबवली, परत चालू केली, कोपऱ्यावरच्या चढापर्यंत नेऊन आणली. उतरल्या त्या हसतच.

"सकाळी पंप म्हणत होता ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जाऊ दे. काय होतं शेवटी? ऐकू आलं ना तुम्हाला?"

वीस वर्षं या प्रश्नाला मिस्त्री नुसती सळई उचलून दाखवत. आजही हात सळईकडे गेला. आणि त्याच क्षणी त्यांचं लक्ष खाली गेलं, तर त्यांचा डावा पाय उजव्या पायाच्या जागी निघालेला. त्यांनी तो परत जागेवर ठेवला.

"नळी चिरली होती. सीऽऽ करत होती," ते म्हणाले. "मला नाही ऐकू आलं, नर्सबाई. सकाळी मी पंप म्हणालो, तो माझा अंदाज होता. हिला ऐकू आलं. मला या डबीनं दाखवलं. आणि तुमच्या बाटल्याही वाजत नव्हत्या."

नर्सबाईंचं हसू मावळलं. त्यांनी गाडीची किल्ली हातातल्या हातात फिरवली, मग पिंपावरचा लॅपटॉप थोडा बाजूला सारून तिथंच ठेवली. मिस्त्रींच्या समोर एक टायर ओढून त्या बसल्या. लेकीनं कुणी न सांगता दाराशी जाऊन रेडिओ बंद केला.

"कधीपासून होतंय?" नर्सबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं. "तीन वर्षं."

"चालताना की थांबल्यावर?"

"थांबल्यावर. सगळं शांत झालं की जास्त."

"आणि आधी का नाही आलात?"

मिस्त्रींनी घड्याळाकडे बघितलं नाही. वेल्डर हातातलं काम थांबवून दारात येऊन उभा होता, त्याच्याकडेही बघितलं नाही.

"भीती वाटत होती," ते म्हणाले.